तीर्थन नदीसाठी नेलेल्या फ्लाय-संचाबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय ग्राहक महोदय,

सप्रेम नमस्कार. हिमाचलमधील तीर्थन नदीवर ट्राउट मासा धरण्यासाठी आपण आमच्या पुण्यातील दुकानातून हाताने बांधलेल्या फ्लायचा, म्हणजे गळावर पिसे-दोरा गुंडाळून केलेल्या किड्यासारख्या आमिषांचा, संच नेलात आणि परतल्यावर दोन तारे देऊन सविस्तर अभिप्राय लिहिलात, त्याबद्दल आभारी आहोत. ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लाय) दिसायला विरळ आणि मळकट आहेत, पहिला मासा लागल्यानंतर त्या बुडू लागल्या, गळांच्या टोकामागे उलटा काटा नसल्यामुळे दोन मासे सुटले, स्ट्रीमरवर (छोट्या माशासारख्या, पाण्याखाली ओढायच्या फ्लायवर) जुन्या इंग्रजी नमुन्यांप्रमाणे रानकोंबड्याच्या पिसांचे डोळे नाहीत आणि तरीही किंमत ऑनलाइन मिळणाऱ्या संचांच्या कितीतरी पट आहे, असे आपले म्हणणे आहे. हे प्रश्न इतरांनाही पडत असतील, म्हणून खासगी निरोप न पाठवता येथेच उत्तर देत आहोत.

आपल्याच लिहिण्यातील एक वाक्य येथे फार महत्त्वाचे आहे: पहिला मासा लागेपर्यंत फ्लाय उत्तम तरंगत होती. याचा अर्थ बांधणीत दोष नव्हता. मासा सोडवल्यानंतर फ्लायची जी निगा घ्यावी लागते, ती राहून गेली. ड्राय फ्लाय तरंगते ती गळाभोवती गुंडाळलेल्या कोंबड्याच्या मानेच्या पिसाच्या ताठ तंतूंवर. हे तंतू पाण्याच्या पृष्ठभागाला टोचत नाहीत, त्याला नुसते दाबून त्यावर उभे राहतात. माशाच्या तोंडातला बुळबुळीत स्राव एकदा या तंतूंवर बसला की ते एकमेकांना चिकटतात, पाणी धरून ठेवतात आणि मग कितीही चांगली बांधलेली फ्लाय खाली जाते. अशा वेळी ती आधी वाहत्या पाण्यात खळबळून स्राव पूर्ण धुवावा, कोरड्या सुती कापडात किंवा टिश्यूत दाबून पाणी टिपावे, मग पाणी शोषणाऱ्या पांढऱ्या पावडरीत घोळवावी आणि हवेत दोन-तीन वेळा लाईन पुढे-मागे फिरवून जास्तीची पावडर झटकावी. आपण ओल्या फ्लायवरच पुन्हा जेल (फ्लाय तरंगती ठेवणारा लेप) लावल्याचे लिहिले आहे. त्याने आतले पाणी आतच कोंडले जाते. जेल लावायचे ते फ्लाय कोरडी असताना, पहिल्या कास्टच्या (फ्लाय पाण्यावर फेकण्याच्या) आधी, आणि तेही बोटांवर पातळ पसरून.

आपल्या संचातील राखाडी, भुरभुरीत पंखांच्या फ्लायना तर जेल मुळीच लावायचे नसते. त्यांचे पंख बदकाच्या शेपटीजवळच्या तैलग्रंथीभोवतीच्या पिसांचे असतात. त्या पिसांच्या बारीक तंतूंत हवा अडकते आणि तीच त्यांना तारते. जेलने ते तंतू चापट बसतात. ही सूचना डबीतल्या चिठ्ठीवर छापलेली आहे, कृपया पुढच्या वेळी नजर टाकावी.

विरळपणाबद्दल सांगायचे तर तो जाणूनबुजून ठेवलेला आहे. ट्राउट फ्लायकडे खालून पाहतो. त्याच्या डोक्यावर पाण्याच्या पृष्ठभागात एक गोल खिडकी असते आणि बाहेरचे जग त्याला तेवढ्यातूनच दिसते. खिडकीच्या पलीकडचा पृष्ठभाग आतून आरशासारखा चकाकतो. येणारी फ्लाय प्रथम त्या आरशात तंतूंनी पाडलेल्या प्रकाशाच्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते आणि खिडकीत आल्यावर आकाशासमोरची सावलीसारखी आकृती म्हणून. ड्राय फ्लाय ज्याची नक्कल करते त्या खऱ्या मे-फ्लाय किड्याला सहाच पाय असतात. पिसाचे दहा-बारा वेढे घेऊन भरगच्च केलेली फ्लाय हातात घेतल्यावर मन प्रसन्न होते, पण संथ डोहात ती माशाला एखाद्या गोळ्यासारखी दिसते. खळाळत्या पाण्यात मात्र जास्त तरंगण्याची गरज असते, आणि तीर्थनमध्ये मोठ्या दगडांमागे तसे पाणी जागोजागी आहे. त्यासाठीच संचात फोमच्या पाठीच्या काळ्या भुंग्यासारख्या फ्लाय घातल्या होत्या, ज्यांचा उल्लेख आपल्या अभिप्रायात नाही. त्या वापरल्या नसतील तर अजूनही जपून ठेवाव्यात.

आपण मेच्या अखेरीस, दुपारच्या वेळी गेलात, हेही येथे नोंदवणे भाग आहे. बर्फाच्या पाण्यावर चालणाऱ्या नद्या त्या दिवसांत ऊन चढेल तशा वाढतात आणि गढूळ होतात. गढूळ पाण्यात ट्राउट वर येऊन किडे टिपण्याच्या फंदात पडत नाही, तो तळाशी किंवा काठाच्या आडोशाला राहतो. तसेही त्याचे बहुतेक खाणे पाण्याखालीच, किड्यांच्या अळ्यांवर चालते. अशा वेळी पितळी मण्याची निम्फ (अळीसारखी, पाण्याखाली वाहणारी फ्लाय) बांधून काठालगतच्या संथ पट्ट्यात, तळाला अधूनमधून लागेल इतकी खोल वाहू द्यावी. फ्रँक सॉयर या इंग्लंडमधील एव्हन नदीच्या राखणदाराने तितराच्या जातीतील फेझंट या पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि दोऱ्याऐवजी तांब्याची तार एवढ्यावरच जी निम्फ बांधली, तिच्यात पायसुद्धा नाहीत आणि तरीही ती आज जगभर वापरली जाते. आपल्या डबीतल्या तपकिरी निम्फ त्याच पद्धतीच्या आहेत.

काट्याबद्दल आमची भूमिका ठाम आहे. गळाच्या टोकामागचा उलटा काटा आम्ही ठेवत नाही, कारण आमचे बहुतेक ग्राहक मासा धरून सोडून देतात आणि बिनकाट्याचा गळ चिमट्याने हलकेच मागे ओढला की मासा पाण्याबाहेर न काढताही सुटतो. असा गळ कमी जोरात आणि खोलवर रुततो. तो निसटतो तो लाईन सैल पडली तर. मासा आपल्याकडे धावत आला की रॉड उंच धरून डाव्या हाताने लाईन भराभर आत घ्यावी, ताण क्षणभरही सोडू नये. सुटलेल्या दोन माशांपैकी एकाने उडी मारली आणि दुसरा आपल्याच दिशेने आला, असे आपण लिहिले आहे. दोन्ही वेळा नेमके हेच घडले असावे.

रानकोंबड्याच्या पिसांचा मुद्दा आम्हाला सर्वांत जवळचा आहे. व्हिक्टोरियन काळातील इंग्रजी सामन (सॅल्मन) माशासाठीच्या फ्लायवर जी मेणासारखी चकाकणारी पिवळसर-पांढरी ठिपक्यांची पिसे दिसतात, ती राखी रानकोंबड्याच्या मानेची, म्हणजे आपल्याच सह्याद्रीतल्या आणि दक्षिणेच्या जंगलांतल्या पक्ष्याची आहेत. त्या एका पिसासाठी हा पक्षी मोठ्या प्रमाणावर मारला गेला. आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि त्याची शिकार किंवा त्याच्या पिसांचा व्यापार हा गुन्हा आहे. कोणी ‘जुना साठा आहे’ म्हणून पिसे आणून दिली तरी आम्ही घेत नाही आणि घेणारही नाही. पहाटे भीमाशंकरच्या रानात या कोंबड्याची बांग ज्याने ऐकली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्या पिसाने फ्लाय अधिक मासे धरते, असा आमचा तरी अनुभव नाही. डोळ्यांच्या जागी आम्ही गळाच्या दांडीवर धातूचे जोडमणी बांधतो. त्यांच्या वजनाने फ्लाय लवकर खोल जाते आणि उलटी होऊन गळाचे टोक वर राहते, त्यामुळे ती दगडांत कमी अडकते.

किमतीबद्दल थोडक्यात: ताठ, लांब आणि कमी लवीची पिसे देणारे कोंबडे परदेशात खास त्यासाठी पैदास केलेले असतात आणि ती पिसे महाग पडतात. आपल्या गावठी कोंबड्याची पिसे मऊ आणि लवदार असल्याने पाणी शोषतात, म्हणून ती आम्ही पाण्याखालच्या फ्लायनाच वापरतो. तेथे ती फार सुंदर हलतात आणि त्या फ्लाय आम्ही स्वस्तही देतो.

न वापरलेल्या फ्लाय आपण परत पाठवल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल. हा नियम सर्वांसाठी आहे. त्याऐवजी आपण पुन्हा तीर्थनला जाणार असाल तर महिना कळवावा, त्या पाण्याला साजेसा संच बांधून देऊ. तेथील ट्राउटचा हंगाम 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंद असतो आणि परवाना मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. पाणी निवळ असल्याने आम्ही ऑक्टोबर सुचवू. तोपर्यंत उरलेल्या फ्लाय डबीचे झाकण उघडे ठेवून सावलीत पूर्ण वाळवाव्यात, ओल्या बंद केल्यास गळांना गंज चढेल.

आपला नम्र,
दुकानाचा चालक