अंगठा जपा, हप्ता मिळवा

पीएम किसानचा हप्ता वेळेवर हवा ना? मग आधी शेतात जाणं बंद करा. हसू नका. ई-केवायसीला, म्हणजे मशीनवर ओळख पटवायला, अंगठा लागतो, आणि खुरप्याने, दोरखंडाने, युरियाने तो असा झिजतो की मशीनला माणसाचा वाटतच नाही. परवा सेवा केंद्रात आमच्या आळीतले एक आजोबा अर्धा तास अंगठा दाबून बसले होते. केंद्रातल्या पोराने तो ओल्या फडक्याने पुसला, मग स्वतःच्या डोक्यावरचं तेल त्याला लावलं, मग उरलेली नऊ बोटं आळीपाळीने झाली.

"आजोबा, काम काय करता?"

"शेती."

"तरीच!"

रांगेत मागे असलेल्या किराणा दुकानदाराचा अंगठा मात्र पहिल्या झटक्यात उमटला. त्याची शेती वाटेकरी करतो. तेव्हा तुम्हीही वाटेकरी ठेवा. फक्त स्वतः वाटेकरी होऊ नका. दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्याला या योजनेत जागा नाही, सातबारा ज्याचा त्याचाच हप्ता.

सातबाऱ्यावर नाव कधी लागलं, तेही बघा. १ फेब्रुवारी २०१९ च्या आत लागलं असेल तर तुम्ही शेतकरी. नंतर पोटाला चिमटा घेऊन एकर-दोन एकर विकत घेतली असेल तर घ्या बापडे, पिकवा, पण हप्ता मागू नका. मूळ मालक वारला आणि जमीन वारसाने आली तर सूट आहे. म्हणजे सौदा करताना घाई झाली पाहिजे होती, नाहीतर घरात कुणीतरी जायला हवं होतं. यातलं काय जमतंय ते तुम्हीच ठरवा.

मुलांची नावं ठेवताना पत्रिका पाहू नका, स्पेलिंग पाहा. सातबाऱ्यावर रामा, आधारवर रामचंद्र आणि पासबुकावर इंग्रजीत तिसराच कुणीतरी, असे तीन इसम एका धोतरात राहत असले की पैसे नेमके कुणाला द्यायचे, हा सरकारपुढे खरोखरच पेच असतो. त्यात आता शेतकरी ओळख क्रमांकही आलाय. जमिनीखालोखाल जपायची वस्तू म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, ज्यात हे सगळे कागद राहतात.

एवढं केलंत की लक्ष्मी आलीच. केंद्राचे वर्षाला ६०००, २००० च्या तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्याचे नमो शेतकरीचे आणखी ६०००. रोजचे ३३ रुपयेसुद्धा भरत नाहीत, पण हिशेब करू नये, नजर लागते. २००० घेऊन थेट कृषी सेवा केंद्रात जा. डीएपी खताची गोणी १३५० ला. उरलेल्या ६५० ची काळजी दुकानदार घेईल. लिंकिंगमध्ये, म्हणजे खताबरोबर सक्तीने, एखादी बाटली गळ्यात मारेल. कशाची ते विचारू नका, त्यालाही ठाऊक नसतं.

आजोबांचं काय झालं म्हणता? दहाही बोटं हरली, तेव्हा पोराने मोबाइल काढला आणि चेहरा दाखवा म्हणाला. आजोबांनी टोपी नीट केली, बटण लावलं, श्वास रोखून बसले.

"आता डोळे मिचकवा."

आजोबांनी आजूबाजूला पाहिलं. रांगेत आमच्या काकूही होत्या.

"कुणाकडं बघून?"