संशोधक मॅडम येणारेत, फाईल बाहेर काढून ठेवा

सोलापुरात विडी वळणाऱ्यांच्या पूर्व भागात कुठंही राहत असाल, अशोक चौक म्हणा, नीलम नगर म्हणा नाहीतर तिकडं कुंभारीचं विडी घरकुल, आज ना उद्या तुमच्या दारात एक मॅडम येणार. खांद्याला कापडी झोळी, हातात वही, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू. "आरोग्य, कल्याणकारी योजना आणि नागरिकत्व यावर मानववंशशास्त्रीय संशोधन करतेय" असं म्हणतील. घाबरून दार लावू नका, हप्ता वसूल करायला आलेल्या नाहीत त्या. सर्वेवाल्यापण नाहीत. सर्वेवाला दहा मिनिटांत चाळीस प्रश्न विचारून सुटतो, ह्या एक प्रश्न विचारतात आणि वर्षभर बसतात. शास्त्रच तसलं आहे वो. मालिनोव्स्की नावाचा गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिला, तेव्हापासून लोकांत मुक्काम ठोकल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही. एकेकाळी तर कवट्या मोजायचं फॅड होतं, आपल्या इरावतीबाई कर्वेंनीसुद्धा बर्लिनला पीएचडीसाठी कवट्याच मोजल्या (आणि गाइडला हवा तो निष्कर्ष काही दिला नाही, बाई खमकी). आता कवट्या गेल्या, फायली आल्या.

तर पहिलं काम, फाईल. प्रत्येक घरात दोन असतात, एक दवाखान्याची, एक योजनांची. मॅडमना दुसरी दाखवा. साडीच्या दुकानाची जाड पिशवी, तिच्यात लॅमिनेशन केलेलं आधार, घडीवर फाटलेलं केसरी रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला (मुदत संपलेला), बँकेचं पासबुक, आणि तळाशी विडी कामगाराचं ओळखपत्र. ते ओळखपत्र बघून मॅडमचे डोळे चमकतील. १९७६ साली विडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला, विड्यांवर सेस बसला, त्या पैशातनं दवाखाना, पोरांना स्कॉलरशिप, घराला मदत असं चालायचं. २०१७ ला जीएसटी आला आणि सेस गेला. कार्ड मात्र आहे अजून, लॅमिनेशन चांगलं असल्यामुळं.

दुसरं, आजारी पडायचं असेल तर नीट पडा. आपलं सोलापूर ह्यात पुढारलेलं बरं का, जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपण होतो. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य झालं, मग आयुष्मान भारत तिला येऊन जोडली, आता पाच लाखापर्यंत कव्हर आहे आणि पांढऱ्या कार्डवाल्यालापण चालते. उत्तम योजना आहे, चेष्टा नाही, ज्याचं हार्टचं ऑपरेशन फुकट झालं त्याला विचारा. फक्त एक आहे, आजार यादीत पाहिजे आणि ॲडमिट होण्याइतका पाहिजे. पहाटेपासून मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बाईची मान दुखती, कंबर धरती, तंबाखूच्या धुरळ्यानं रात्री खोकला येतो, हे असलं रोजचं किरकोळ काही कामाचं नाही, गोळ्या मेडिकलमधनं स्वतःच्या पैशानं आणा. दुखणं दहा-वीस वर्षं सांभाळून वाढवा, ऑपरेशनच्या लायकीचं करा, मग या.

तिसरं, दुखणं टक्क्यात सांगायची सवय लावा. "लई दुखतंय" असं नाही चालत. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात, म्हणजे ३८ टक्के लंगडणारा माणूस सरकारी हिशोबानं चांगला चालतो. तपासणीच्या दिवशी रिक्षानं जाऊ नका, चालत जा, जिना चढा, पाय सुजू द्या. आणि हे फक्त आपल्याकडंच आहे असं समजून कमीपणा घेऊ नका, मॅडमच सांगतील, १९८६ ला चेर्नोबिलला अणुभट्टी फुटली, त्यानंतर युक्रेनमध्ये लोकांना पेन्शन नि औषधपाण्यासाठी हेच करावं लागलं, माझा आजार त्या किरणोत्सर्गामुळंच झाला हे सिद्ध करत ऑफिस ते दवाखाना फिरायचं. अद्रियाना पेट्रिना नावाच्या बाईंनी ते सगळं लिहून त्याला 'जैविक नागरिकत्व' असं भारी नाव दिलं. त्या लोकांना सिद्ध करायला अणुभट्टी तरी होती, आपल्याकडं मांडीवरचं तंबाखू पाखडायचं सूप.

चौथं, गरिबी. ही पण मापात पाहिजे. संजय गांधी निराधारचे महिन्याला दीड हजार घ्यायचे तर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजाराच्या आत हवं, म्हणजे दिवसाला साधारण ५८ रुपये, सगळ्या घराचं मिळून. एवढ्यात माणूस जगतो कसा असं तलाठ्याला विचारू नका, तो उलट तुम्हालाच विचारेल की मग दाखला कसा मागता.

आणि अंगठा! हे मॅडमना मुद्दाम दाखवायला न्या, पैसे वसूल होतील त्यांचे. पीएफच्या पेन्शनीसाठी वर्षातनं एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो, पेन्शन किती तर बऱ्याच जणींना हजार-दीड हजार, कमीत कमी हजार असं २०१४ ला ठरलं ते ठरलं. आता जन्मभर तेंदूपान कातरून, विड्यांची तोंडं दाबून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या. मशीनवर अंगठा ठेवला की लाल. "मावशी, दाबून ठेवा." लाल. "पुसा की जरा." मावशी पदराला पुसती, मग केसातनं फिरवती, तेल लागलं की उमटतं म्हणतात. लाल. पोरगं कंटाळतं, "मॅच होईना मावशी, उद्या या." मावशी म्हणती, "जित्ती हाय की बे मी, हितं उभारलेली दिसंना का तुला?" पोरगं म्हणतं, मला दिसतंय, सर्व्हरला दिसंना. मागची बाई पटकन पुढं सरकती, तिचा नंबर जायला नको ना.

मॅडम हे भराभरा लिहून घेतील. घेऊ द्या, पण त्यांचा उपयोगपण करून घ्या की. 'सहभागी निरीक्षण' म्हणतात त्या, म्हणजे सकाळी सातला सेतूच्या रांगेत चप्पल ठेवण्याऐवजी मॅडमना उभं करायचं नि आपण घरी जाऊन विड्यांचे दोन कट्टे वळून यायचं. शिवाय मॅडम सोबत असल्या, मधेच दोन वाक्यं इंग्रजीत बोलल्या, की काउंटरवरचा माणूस "बसा ना" म्हणतो, पंखा इकडं फिरवतो, आठ महिने अडलेला कागद अकरा वाजता हातात पडतो. तोटा एवढाच की मॅडम मग वहीत लिहितात, कर्मचारी सहकार्यशील वाटले.

"तुम्ही या देशाच्या नागरिक आहात असं कधी वाटतं?" हा प्रश्न येणारच. मतदानाला, १५ ऑगस्टला असली उत्तरं देऊ नका, सगळे तीच देतात. "मोबाईलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो तेव्हा" म्हणा, मॅडम तुम्हाला पुढच्या आठवड्यातपण भेटायला येतील.

शेवटी त्या एका फॉर्मवर सही मागतील, संमतीपत्र. करा. त्यात लिहिलेलं असतं की तुमचं खरं नाव कुठं छापणार नाही, बदलून टाकू. इथं तुमच्या आधारवर 'लक्ष्मीबाई' नि रेशनकार्डावर नुसतं 'लक्ष्मी' म्हणून तुम्ही प्रतिज्ञापत्र केलं, नोटरी केली, दोन दिवसांची मजुरी बुडवली, आणि ह्या बाईनं सरळ 'पद्मा' करून टाकलं, झेरॉक्ससुद्धा मागितली नाही! तर पुस्तक छापून आलं की एक प्रत मागून घ्या. त्यात तुमचा खोकला आहे, कंबर आहे, उत्पन्न आहे, अंगठा आहे, हेलपाटे तारखेनिशी आहेत, एवढा पक्का पुरावा जन्मात कुणी दिला नसेल. ते घेऊन ऑफिसात जा. साहेब चाळतील, मान हलवतील, आणि म्हणतील, "मावशी, सगळं बरोबर आहे, पण नाव जुळत नाही."