फक्त नावाचा कॉलम वाढवायचा होता म्हणे

डोकं अजून तापलेलंच आहे. महिनाअखेर, बिलिंग जोरात, आणि भर दुपारी एका महाशयांनी प्रॉडक्शनवर, म्हणजे चालू धंद्याच्या डेटाबेसवर, ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलायची कमांड) मारलं. कशासाठी, तर ग्राहकाच्या नावाच्या कॉलमचा वारकॅर, म्हणजे जास्तीत जास्त किती कॅरॅक्टर मावतील तो आकडा, ५० वरून १०० करायला. कुणाला विचारणं नाही, ग्रुपवर एक ओळ नाही. जाब विचारला तर म्हणे, "अहो, मागे ३० चं ५० केलं तेव्हा क्षणात झालं होतं की!"

अरे होणारच ना! यूटीएफ८एमबी४ या मजकूर साठवायच्या पद्धतीत एका कॅरॅक्टरला चार बाइटपर्यंत लागतात, ३० चे १२०, ५० चे २००, दोन्ही २५५ च्या आत, प्रत्येक नावाची लांबी लिहायला एक बाइट पुरतो, त्यामुळे मायएसक्यूएल (आमचं डेटाबेस सॉफ्टवेअर) नुसती व्याख्या बदलतं, डेटाला हात लावत नाही. १०० चे झाले ४००. आता लांबीलाच दोन बाइट लागतात, म्हणजे इनप्लेस (जागच्या जागी बदल) बाद, अख्खं टेबल कॉपी आणि झाडून सगळे इंडेक्स (पटकन शोधायच्या याद्या) नव्याने. ६३ पर्यंत (२५२ बाइट) काही नाही आणि ६४ ला (२५६) सगळं ठप्प, ही २५५ बाइटची मर्यादा डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ लिहिलेली आहे हो, पण वाचायचं कुणी!

आणि सगळ्यात संताप येतो तो याचा की हे गपचूप होतं. नुसतं ऑल्टर लिहिलं की सर्व्हर आपलं आपण ठरवतो, इन्स्टंट (क्षणात) जमतंय का, नाही तर इनप्लेस, तेही नाही तर घे कॉपी. कोट्यवधी ओळींचं टेबल असलं तरी एका शब्दानं विचारत नाही. कमांडच्या शेवटी अल्गोरिदम=इनप्लेस, लॉक=नन, म्हणजे 'जागच्या जागी कर, कुणाला अडवू नको', एवढं जोडलं असतं तर एरर देऊन तिथल्या तिथे थांबला असता, टेबलला धक्काही लागला नसता. प्रत्येक नव्या माणसाला हेच सांगून घसा कोरडा पडलाय माझा.

मग व्हायचं ते झालं. वाचणं चालू, लिहिणं बंद. प्रोसेसलिस्टमध्ये (सर्व्हरवर चालू कामांची यादी) वर 'कॉपी टू टेंप टेबल' आणि खाली 'वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक'ची, म्हणजे टेबल मोकळं व्हायची वाट बघणाऱ्यांची, ही लांबलचक रांग, गोडाउनमध्ये माल भरलेल्या गाड्या उभ्या, बिल निघत नाही, ड्रायव्हर ओरडतायत, आणि फोन कुणाला, तर मला! कॉपीत ओळी एकेक करून नव्या टेबलात जातात आणि प्रत्येक ओळीमागे प्रत्येक इंडेक्स भरला जातो. आणि इंडेक्स तरी किती! ज्याला रिपोर्ट स्लो वाटला त्याने एक ठोकून दिलेला, त्यातले निम्मे कुणी वापरत नाही, काढा म्हटलं तर "राहू द्या, असू द्या". भोगा आता. किल करतो, मध्येच थांबवतो म्हटलं तर साहेब म्हणाले, "होतच आलं असेल, थांबा जरा." कशावरून होत आलं? आणि इकडे संपल्यावर तेच ऑल्टर रेप्लिकावर (रिपोर्टसाठीची डेटाबेसची दुसरी प्रत) पहिल्यापासून सुरू, म्हणजे संध्याकाळचे रिपोर्टही गेले.

हे काय पहिल्यांदा नाही. स्टेटसच्या ईनममध्ये (ठरलेल्या व्हॅल्यूंची यादी असलेला कॉलम) नवीन व्हॅल्यू शेवटी टाकली तर काही होत नाही, पण यांना ती अर्थानुसार मध्येच हवी, की झालं टेबल रिबिल्ड, अख्खं पुन्हा बांधणं. कॉलम दिसायला नीट दिसावेत म्हणून आफ्टर लावून जागा बदलायच्या, पुन्हा रिबिल्ड. आयडी साधा इंट (पूर्णांक) ठेवायचा आणि त्याची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ जवळ आल्यावर मोठ्या बिगइंटसाठी धावाधाव करायची. याच कामासाठी गोस्ट आहे, पीटी-ऑनलाइन-स्कीमा-चेंज आहे, ही टूल्स बाजूला सावकाश कॉपी करून शेवटी टेबल बदलतात, फुकट आहेत दोन्ही, पण "एवढ्याशा चेंजला कशाला?" स्टेजिंगवर (चाचणीच्या डेटाबेसवर) टेस्ट केलं होतं म्हणतात. स्टेजिंगच्या टेबलात ओळी किती? कुणीतरी हाताने भरलेल्या!

आणि आता साहेबांना रूट कॉजमध्ये (मूळ कारणाच्या अहवालात) 'डेटाबेस स्लो झाला' असं लिहून हवंय. नाही लिहिणार. डेटाबेसने सांगितलेलं काम केलं. ते ऑल्टर जसंच्या तसं चिकटवणार, वेळ आणि लॉगिनसकट, आणि खाली त्या २५५ बाइटचा हिशोब मांडणार, मग कुणाला राग येवो नाहीतर लोभ.