गुडघ्याला बाशिंग बांधण्याची योग्य पद्धत

व्हिडिओ गेम नोव्हेंबरात येणार, आत्ता मे चालू आहे, आणि तुम्ही अजून प्री-ऑर्डरचे, म्हणजे गेम यायच्या आधीच द्यायचे, पैसे भरले नाहीत? कमाल आहे तुमची. ट्रेलर तर बघितलात ना? नायक पावसात उभा राहतो, हळूच मान वळवतो, मागे एक इमारत कोसळते. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘ही दृश्यं प्रत्यक्ष खेळातली नाहीत’ असं लिहिलेलं असतं. ते वाचू नका, ते वकिलांसाठी असतं. म्हैस पाण्यात असताना मोल करू नये, असं जुनी माणसं सांगून गेली. पण म्हैस आजारी निघण्याची नुसती शक्यता असते. गेम आजारीच येतो आणि औषध मागाहून मिळतं. मग शंकेला जागाच कुठे उरते?

माल संपून जाईल ही भीती मात्र मनात जागती ठेवा. डिजिटल प्रत संपत नाही, हे तुम्हाला कळतं. सर्व्हरवरची फाइल म्हणजे द्रौपदीची थाळी, कितीही पंगती उठल्या तरी रिकामी व्हायची नाही. तरीही सहा महिने आधी रांगेत उभं राहायचं. डबा हातात हवाच असेल तर निन्टेंडोच्या स्विच २ या कन्सोलसाठी, म्हणजे खेळयंत्रासाठी, ‘गेम-की कार्ड’वाले गेम मिळतात. डबा खराखुरा, कार्डही खरंखुरं, फक्त कार्डावर गेम नसतो. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, आणि उतरवल्यावरही खेळताना दरवेळी कार्ड खोचून ठेवायचं. नारळ फोडावा आणि आत खोबऱ्याऐवजी दुकानाचा पत्ता निघावा, तसं.

आता आवृत्ती निवडा. स्टँडर्ड ही कंजुषांची. तुम्ही डिलक्स घ्या, जमल्यास अल्टिमेट. वरच्या दोन-तीन हजारांत तुम्हाला एकदाही न उघडायचं डिजिटल चित्रपुस्तक मिळेल, पार्श्वसंगीत मिळेल आणि एक सोनेरी तलवार. तलवारीचं गणित समजून घ्या. ती जास्त ताकदवान केली तर पहिले चार तास शत्रू फुंकरीने पडतात आणि खेळातली मजाच जाते, म्हणून बनवणारे ती मुद्दाम बेताची ठेवतात. परिणामी तिसऱ्या-चौथ्या शत्रूच्या खिशात तिच्याहून बरी तलवार सापडते. पण ती सोनेरी नसते ना! ही परंपरा काही आजची नाही. २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ या गेमने अडीच डॉलरला घोड्याचं चिलखत विकलं होतं, तेव्हा जग हसलं होतं. आज अडीच डॉलरला घोड्याचा नालसुद्धा येत नाही.

अल्टिमेटचा खरा मान मात्र लवकर प्रवेशाचा. ‘स्टारफील्ड’ ६ सप्टेंबर २०२३ ला आला, पण महागड्या आवृत्तीवाल्यांना १ सप्टेंबरलाच आत सोडलं. याचा अर्थ गेम १ तारखेला तयार होता आणि बाकीच्यांना पाच दिवस दारात उभं केलं होतं, असा हिशेब कोणी मांडला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. पहिल्या पंगतीला बसायचे पैसे वेगळे, जेवण तेच.

मग प्रदर्शनाच्या दिवशीची रजा. चुलत बहिणीच्या साखरपुड्याचं कारण सगळ्यात टिकाऊ, कारण साखरपुडा पुढे ढकलता येतो. आणि ते लागतंच. ‘जीटीए ६’साठी ज्यांनी हे कारण दिलं, त्यांच्या बहिणीचा साखरपुडा २०२५ मधून २६ मे २०२६ वर गेला आणि तिथून १९ नोव्हेंबर २०२६ वर. अधिकृत शब्दावर तर डोळे मिटून विश्वास ठेवा. ‘सायबरपंक २०७७’ आधी १६ एप्रिल २०२० ला येणार होता, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीने गेम ‘गोल्ड’ झाल्याचं, म्हणजे छापायची प्रत तयार झाल्याचं जाहीर केलं. २६ ऑक्टोबरला अधिकृत खात्यावरून एका चाहत्याला १९ नोव्हेंबर पक्की असल्याचं सांगण्यात आलं. २७ ऑक्टोबरला तारीख १० डिसेंबर झाली. तो एक दिवस मात्र शब्द पाळला, हे मान्य करायला हवं.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी प्री-लोड, म्हणजे गेम आगाऊ उतरवून ठेवणं, सुरू होतं. लगेच बटण दाबा. १५० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या लाइनवर कागदोपत्री ३ तास २० मिनिटांत उतरतो, घरात कोणी मालिका बघत नसेल आणि सोसायटीतली वीज टिकली तर. जागा आधी करून ठेवा. सोनीच्या मूळ पीएस५ कन्सोलमध्ये ८२५ जीबी लिहिलेले, त्यातले वापरायला मिळतात ६६७. म्हणजे असले चार पाहुणे राहतील, पाचवा आला की एकाला बाहेर काढा. हे सगळे जीबी आवश्यकच असतात, अशी श्रद्धा बाळगा. ‘हेलडायव्हर्स २’ पीसीवर सुमारे १५० जीबी व्यापायचा, कारण जुन्या हार्ड डिस्कवर पटकन सापडावा म्हणून तोच तो डेटा पुन्हा पुन्हा साठवला होता. २०२५ च्या अखेरीस त्या नकला काढल्या तेव्हा तोच गेम २३ जीबीत बसला.

प्री-लोड झालं म्हणजे ठरल्या क्षणी खेळता येईल, हा गोड समज तसाच असू द्या. उतरलेल्या फाइली कुलूपबंद असतात. वेळ झाली की स्टीम, म्हणजे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान, त्या एकेक उघडून पुन्हा डिस्कवर लिहायला घेतं. त्यासाठी भरपूर मोकळी जागा लागते, आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर दोन-तीन तास सहज जातात. पीसीवर ‘सायबरपंक’ आपल्याकडे पहाटे साडेपाचला उघडला, म्हणजे बरोबर अभ्यंगस्नानाच्या मुहूर्तावर. उटणं लावून बसलेल्यांनी मग टक्केवारीची पट्टी बघितली. प्री-लोड न करता नऊला उठलेला शेजारी थेट उघड्या फाइली उतरवतो आणि कधीकधी तुमच्याआधी खेळायला लागतो. त्याचं मनावर घेऊ नका.

इथून पुढे घड्याळ लावून कामं करा. स्टीमवर पैसे परत मिळण्याचा नियम सोपा आहे: १४ दिवसांच्या आत मागायचे आणि खेळणं दोन तासांपेक्षा कमी झालेलं हवं. या दोन तासांचा नीट बंदोबस्त केला, तर परताव्याची कटकट कायमची मिटते. गेम सुरू करा, शेडर, म्हणजे उजेड-सावल्या कशा रंगवायच्या हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, तयार होऊ लागतील. कन्सोलचं हार्डवेअर एकच, त्यामुळे हे काम कारखान्यातच होऊन येतं. पीसीवर ग्राफिक्स कार्डं शेकड्याने, म्हणून प्रत्येक कार्डाच्या भाषेत भाषांतर तुमच्या घरी, तुमच्या विजेवर. पट्टी ९२ टक्क्यांवर आली, की नेमकं त्याच वेळी ‘नवा ड्रायव्हर आला आहे’ ही सूचना दिसेल. ताबडतोब अपडेट करा. ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बदलला की आधीचे शेडर बाद होतात आणि पट्टी पुन्हा शून्यावर येते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा मध्यम ताकदीच्या प्रोसेसरवर नुसतं हे काम तास-तासभर चालायचं, आणि तो तास खेळण्याच्या वेळेतच मोजला जायचा. कंटाळून ‘वगळा’ दाबलंत तरी बिघडत नाही. मग पहिला स्फोट झाला की तिथेच चित्र अर्धा सेकंद गोठेल, दुसऱ्या प्रकारचा स्फोट झाला की पुन्हा गोठेल.

समजा शेडरला ३५ मिनिटं गेली. मग ‘डावीकडचं चिन्ह जेमतेम दिसेल इतका उजेड ठेवा’ या पडद्यावर ५ मिनिटं द्या. चिन्ह एकतर लख्ख दिसतं नाहीतर अजिबात दिसत नाही. पात्राच्या नाकाची उंची, रुंदी, टोक आणि नाकपुडीचा कोन ठरवायला ४० मिनिटं, हे नाक पुढे शिरस्त्राणाखाली झाकलं जाणार असलं तरी. सुरुवातीची चित्रफीत २५ मिनिटं. चालायचं कसं, वाकायचं कसं हे शिकवणारा भाग १५. झाले बरोबर दोन तास. आता गेम सुरू होतो, आणि तो तुमचाच आहे.

चित्र अडखळतंय? किमान आणि शिफारशीच्या हार्डवेअरचा तक्ता तुम्ही वाचला होता, पण शेवटची ओळ सोडली होती. ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’च्या तक्त्यात, १०८० पिक्सेलवर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळतील असं सांगून ‘फ्रेम जनरेशन चालू ठेवून’ अशी पुस्ती जोडली होती. म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक कल्पनेतली फ्रेम घालायची. चार लिटर दुधात चार लिटर पाणी ओतलं की आठ लिटर भरतं, हे आपल्याला नवीन नाही. डोळ्याला ६० दिसतात, पण बटण दाबल्यावर हात मात्र ३० च्याच चालीने, किंबहुना किंचित उशिरानेच, हलतो. राक्षसाने झेप घेतली आणि तुम्ही वेळेवर उडी मारूनही मेलात, तर दोष तुमच्या बोटांचा समजा.

परीक्षणं वाचू नका. ‘सायबरपंक’च्या वेळी समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत दिली होती आणि स्वतःचं चित्रण दाखवायला मनाई होती. कन्सोलवाल्यांसाठी आश्चर्य राखून ठेवलं होतं. ते इतकं मोठं निघालं की आठवडाभरातच सोनीने गेम आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्ये परत ठेवला. त्याआधीचं उदाहरण हवं असेल तर २०१५ चा ‘बॅटमॅन: आर्कहम नाइट’, ज्याची पीसी आवृत्ती जूनमध्ये आली, लगेच विक्रीतून काढली आणि ऑक्टोबरात परतली. अशा वेळी तुमचं काम म्हणजे समाजमाध्यमांवर जाऊन ‘माझ्याकडे नीट चालतोय’ असं लिहिणं. माणसं टी-आकारात हात पसरून गाडीच्या टपावर उभी दिसली, तरी लिहा.

नेहमी नेटवर जोडलेलाच राहावा लागणारा गेम घेतला असेल, तर मात्र घाई करा, यात उपरोध नाही. ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत मिळाले, एवढंच. ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, तेव्हा २०१४ साली विकत घेतलेला गेम एकट्यानेही खेळता येईना. ‘विकत घ्या’ या बटणावर काय लिहिलंय ते पुन्हा वाचायची सवय नसलेलीच बरी.

आणि ‘सिल्कसाँग’सारख्यांच्या नादी लागू नका. फेब्रुवारी २०१९ मध्ये घोषणा, तारीख सांगितली ती प्रदर्शनाच्या फक्त दोन आठवडे आधी, किंमत २० डॉलर, आणि प्री-ऑर्डरच नाही. ४ सप्टेंबर २०२५ ला दुकानं उघडली तेव्हा गर्दीने स्टीमसकट बरीचशी कोलमडली. सहा महिने आधी पैसे घेऊन ठेवायचं सुचलं नाही, त्याची ही फळं.

तुमच्या गटात एक कंजूष असतोच. तो डेमो असेल तर डेमो खेळतो, नसेल तर कोणीतरी न कापता टाकलेला पहिल्या तासाचा व्हिडिओ बघतो, गेम यादीत टाकतो आणि विसरतो. ‘सायबरपंक’चा २.० पॅच, म्हणजे मोठी दुरुस्ती, सप्टेंबर २०२३ मध्ये आला, जवळजवळ तीन वर्षांनी, वरातीमागून घोडं. हा प्राणी त्यानंतर सेलमध्ये अर्ध्या किमतीत घेतो, चार रात्री सलग खेळतो आणि तुम्हालाच फोन करून विचारतो, ‘अरे, झकास गेम आहे की. लोक उगाच का बोंबलत होते?’

त्याच्याशी वाद घालू नका. त्याला फक्त सोनेरी तलवारीबद्दल विचारा. त्याच्याकडेही ती असते, ‘कम्प्लीट’ आवृत्तीत सगळंच फुकट घालतात. पण त्याची पिशवीत तशीच पडून आहे. तुमची मात्र तिसऱ्या तासालाच गावातल्या लोहाराला बारा नाण्यांना विकून झाली होती.