लीग बंद होतेय, तर ती नीट बंद करूया

वर्गातली आमची बुक क्रिकेट लीग या हंगामानंतर संपते आहे. आठ संघ, एक जाड वही आणि मधली सुट्टी एवढ्या भांडवलावर ती आठवीपासून शाळेच्या शेवटच्या वर्षापर्यंत चालली. आता वर्ग पांगला. ग्रुपवर दोन सूचना आल्या आहेत. एक, लीग फोनवर चालू ठेवायची. दुसरी, वही आणि नियम खालच्या वर्गातल्या मुलांना द्यायचे, म्हणजे परंपरा राहील. दोन्ही सूचना जीव लावून केलेल्या आहेत, तरी माझा दोन्हींना विरोध आहे. ग्रुपवर दोन ओळींत ते सांगता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

जे हा खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. मिटलेलं पुस्तक न बघता उघडायचं आणि डाव्या पानाच्या क्रमांकातला शेवटचा आकडा बघायचा. शून्य म्हणजे आउट. दोन, चार, सहा म्हणजे तेवढे रन. छापताना पहिलं पान उजव्या बाजूला येतं, त्यामुळे डावं पान नेहमी सम असतं आणि विषम आकड्यांचा प्रश्नच उरत नाही. उरतो फक्त आठ. आणि आमची लीग खऱ्या अर्थाने त्या आठावर उभी राहिली.

पहिल्या हंगामात प्रत्येक बाकाचा आठ वेगळा होता. खिडकीजवळच्यांकडे आठ म्हणजे आठ रन. मागच्या बाकावर आठ म्हणजे नो बॉल आणि एक रन. पुढच्यांकडे आठ म्हणजे काहीच नाही, पुन्हा उघडा. जोवर जो तो आपापल्या बाकावर खेळत होता तोवर कुणाला फरक पडत नव्हता. बाकाबाकांत सामने लागले आणि भांडणं सुरू झाली. मग आमच्या धावफलक लिहिणाऱ्या मैत्रिणीने एक दिवस हिशेब मांडून दाखवला. पाच आकड्यांपैकी एक आउटचा, म्हणजे सरासरीने चार वेळा रनचं पान निघतं आणि मग विकेट पडते. आठाला एक रन धरला तर चार पानांचे २, ४, ६ आणि १ मिळून १३, म्हणजे दर विकेटमागे १३ रन. आठाला आठच धरले तर २०. काहीच नाही धरलं तर १२. मधल्या सुट्टीत मावावं म्हणून आम्ही पाच विकेटचा डाव खेळायचो, तेव्हा हाच फरक ६५, १०० आणि ६० असा दिसतो. खिडकीवाल्यांची शतकं कुठून येत होती ते सगळ्या वर्गाला त्या दिवशी कळलं. वाद बरेच दिवस चालला, शेवटी हात वर करून मतदान झालं आणि आठाचा एक रन ठरला. खिडकीवाले हरले, पण त्यानंतर एकदाही त्यांनी रडीचा डाव केला नाही. तो ठराव वहीच्या पहिल्या पानावर अजून आहे.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलं गोट्या खेळताना नियमांकडे कसं बघतात याचा अभ्यास केला होता आणि तो १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. लहान मुलांना नियम मोठ्यांकडून आलेला, हात न लावण्याजोगा वाटतो. थोडी मोठी झाल्यावर, साधारण दहा-अकराच्या पुढे, त्यांना उमजतं की सगळे भिडू तयार असतील तर नियम बदलता येतो, आणि एकदा सगळ्यांनी मिळून ठरवला की तो पाळावाच लागतो. आमचं मतदान मला या दुसऱ्या टप्प्याचं उदाहरण वाटतं. शाळेत बाकीचे सगळे नियम आम्हाला तयार मिळाले होते. हा एक आम्ही केला होता, आणि तो आम्हाला कुणी पाळायला लावत नव्हतं.

म्हणूनच वही खालच्या वर्गाला देऊ नये असं मला वाटतं. त्यांच्या हातात गेल्यावर आठाचा एक रन हा वरून आलेला नियम होईल. त्यामागचं भांडण, तो हिशेब, ते वर झालेले हात त्यांच्या वाट्याला येणार नाहीत. त्यांना त्यांचा आठ सापडू द्या. कदाचित ते आठाला दोन विकेट धरतील, कदाचित बुक क्रिकेट सोडून पेनाची झुंज खेळतील. शिकवायचीच असेल तर त्यांना वेळापत्रक लावायची युक्ती शिकवा, कारण ती आम्हाला फार उशिरा कळली: आठ संघ चार-चारच्या दोन ओळींत समोरासमोर लिहायचे, एक संघ जागेवर ठेवायचा आणि बाकीचे सात दर फेरीला एक-एक घर पुढे सरकवायचे. सात फेऱ्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते, २८ सामने होतात आणि एकाही फेरीत कुणी रिकामं बसत नाही. हे गणित सगळ्यांच्या मालकीचं आहे. वही आमची आहे.

आता फोनची गोष्ट. फोनवर शून्य ते आठमधला आकडा काढून देणारी सोय करायला वेळ लागत नाही, आणि तो आकडा पुस्तकापेक्षा निःपक्ष असेल हेही मान्य. पुस्तक निःपक्ष नसतंच. फार वापरलेलं पुस्तक त्याच त्या पानावर उघडतं, कारण बांधणी तिथे सैल झालेली असते. सवयीच्या बोटांना ते पान बरोबर सापडतं. एका हंगामात इतिहासाच्या एका पुस्तकावर लागोपाठ सहा पडायला लागले, तेव्हा नियम आला की पुस्तक दोन्ही संघांनी आणायचं नाही, न खेळणाऱ्या तिसऱ्या संघाने द्यायचं. पुढे आणखी एक नियम आला की पान उघडताना दुसरा संघ समोर बसलेला हवा. चार डोळे पानावर असल्याशिवाय रन मोजायचा नाही.

माझ्यासाठी खेळ हाच होता. समोर बसलेल्याचा चेहरा, पान उघडण्याआधीचा तो क्षण, शून्य निघाल्यावर शेजारच्या बाकापर्यंत जाणारी आरोळी, आणि दारात शिक्षक दिसले की क्षणात अभ्यासाचं होणारं तेच पुस्तक. फोनवर आकडा येईल. तो कुणाच्या समोर येणार?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. इंग्लंडमध्ये १८८८ साली अ‍ॅस्टन व्हिला क्लबच्या विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. त्याआधीही सामने होत होते, चांगले होत होते. पण ठरलेला सामना ऐनवेळी रद्द व्हायचा, एखादा क्लब जास्त मोठ्या सामन्यासाठी आधीचा शब्द मोडायचा, आणि जमलेले प्रेक्षक परत जायचे. लीगने एकच गोष्ट नवी आणली: बाराही क्लब एकमेकांशी दोनदा खेळणार, म्हणजे प्रत्येकी २२ सामने, आणि ते होणारच. गंमत म्हणजे जिंकल्यावर दोन गुण आणि बरोबरीला एक हे त्यांचंही हंगाम सुरू झाल्यावर, नोव्हेंबरमध्ये ठरलं. गुण नंतर ठरले तरी चाललं. सामना होणार हा शब्द मात्र आधी लागला.

आमच्याकडे तो शब्द पाळणं सोपं होतं, कारण सगळे रोज त्याच खोलीत असायचे. कुणी आजारी पडला तर तो चार दिवसांनी यायचाच. सामना पुढे गेला तरी बुडाला नाही. सबंध वर्षात एकही सामना न खेळता कुणाला दोन गुण दिले गेले नाहीत, आणि मला या गोष्टीचा कुठल्याही विजेतेपदापेक्षा जास्त अभिमान आहे. आता कुणाचा क्लास संध्याकाळी, कुणी वसतिगृहात, कुणाच्या घरी फोन मोजून मिळतो. पहिल्या दोन फेऱ्या उत्साहात होतील. तिसऱ्या फेरीत कुणीतरी उत्तर देणार नाही. मग आपण त्याचे गुण समोरच्याला देऊ, मग सहाच संघ उरतील, मग ग्रुपवर नुसते वाढदिवस राहतील. लीग कधी बंद पडली हे कुणालाच सांगता येणार नाही. मला ते नको आहे. तिच्यावर आपण इतकं प्रेम केलं आहे की तिचा शेवट आपण सगळ्यांनी मिळून, ठरवून करायला हवा, जसा आठाचा एक रन ठरवला होता.

मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय. शाळेतल्या कितीतरी गोष्टी कॉलेजात नव्या रूपात परत भेटतील, मित्रही भेटतील. हे आठ संघ मात्र बाकांचे होते, आणि ते बाक आता आमचे नाहीत. मागच्या बाकाचा संघ शेवटच्या क्रमांकावरून शेवटच्या हंगामात तिसरा आला, त्यांचा कप्तान गुणतालिका वहीत उतरवून घेत होता तेव्हा मी शेजारी उभा होतो. त्या वर्गाबाहेर कुणालाही त्या तिसऱ्या क्रमांकाचा अर्थ लागणार नाही. म्हणूनच वाटतं, आपल्यासाठी तरी तो अर्थ पूर्ण लिहिलेला असावा.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. शेवटच्या हंगामातला खिडकी विरुद्ध दुसरा बाक हा सामना परीक्षेमुळे राहिला आहे, पहिला क्रमांक त्यावर ठरायचा आहे. तो समोरासमोर बसून खेळायचा, आठही संघांचा निदान एक-एक भिडू हजर असताना. त्यानंतर अंतिम गुणतालिका लिहायची, खाली ‘लीग समाप्त’ असं लिहायचं आणि सगळ्यांनी सह्या करायच्या. वही धावफलक लिहिणाऱ्या मैत्रिणीकडे राहावी, तिच्याइतका हक्क कुणाचाच नाही. बाकीच्यांनी पानांचे फोटो घ्यावेत. ज्यांना हे पटत नाही त्यांनी ग्रुपवर बोला. नेहमीसारखं मतदान करू, आणि बहुमत दुसरीकडे गेलं तर मी फोनवरसुद्धा पूर्ण हंगाम खेळेन, एकही सामना बुडवणार नाही.

सामन्याचा दिवस दोन्ही कप्तानांनी कळवावा. पुस्तक आणायची पाळी पुढच्या बाकाची आहे. इतिहासाचं आणू नका.