नामांकनं जाहीर, पुस्तकं गायब

दर वर्षी १९ जानेवारीच्या आसपास, म्हणजे रहस्यकथेचा जनक मानल्या जाणाऱ्या एडगर ॲलन पोच्या वाढदिवसाचा मुहूर्त धरून, 'मिस्ट्री रायटर्स ऑफ अमेरिका' ही लेखकांची संघटना रहस्यकथांच्या एडगर पुरस्कारांची नामांकनं जाहीर करते आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं. यादीवर माझा राग नाही. यादीची तर मी चातकासारखी वाट बघते. रहस्यकथांची हौस असलेल्या माणसाला या दिवसांत दुसरं काही सुचत नाही. आपल्या लाडक्या लेखिकेचं नाव आलं का, पहिल्याच कादंबरीसाठी कोण आलंय, सत्यकथांमध्ये कुठला खटला आहे, सगळं बघायचं असतं. राग येतो तो त्यानंतर. ज्या पुस्तकांचा एवढा डंका पिटला, ती वाचायला मागितली की हात वर!

परवाचंच घ्या. सर्वोत्कृष्ट कादंबरीच्या यादीतलं एक नाव वाचनाच्या ॲपमध्ये टाकलं. मुखपृष्ठ आलं, झकास. लेखकाचं नाव, पानांची संख्या, वाचकांचे तारे, सगळं आलं. जिथे 'विकत घ्या'चं बटण असतं तिथे मात्र राखाडी पट्टी: 'हे शीर्षक तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.' बरं, नाही तर नाही. पण त्याच पट्टीखाली 'नमुना वाचा' मात्र बिनदिक्कत चालू! वाचला. न वाचून सांगते कुणाला? एक बाई तळघरात उतरतेय, दिवा लागत नाही, भिंत चाचपत चाचपत ती खाली येते, तिसऱ्या पायरीवर पायाला बूट लागतो, ती तो बाजूला सरकवायला जाते आणि तो सरकत नाही. नमुना समाप्त. अरे, काही लाजलज्जा? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ॲपचा लाडिक निरोप: 'तुम्ही हे पुस्तक वाचायला घेतलंत. पुढे वाचायचं?' हो, वाचायचंय! मारे पैसे घेऊन उभी आहे मी दारात, दार उघडा की!

यामागचं कारण कोणी मला समजावू नका, ते पाठ आहे. पुस्तकाचे हक्क प्रदेशवार विकले जातात. उत्तर अमेरिका एकाकडे, ब्रिटन आणि राष्ट्रकुल दुसऱ्याकडे, अनुवाद भाषेभाषेनुसार आणखी कोणाकोणाकडे. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने फक्त आपल्यापुरते हक्क घेतले आणि लंडनमध्ये कोणी घेतलेच नाहीत, की उरलेल्या जगासाठी ते पुस्तक जन्मालाच आलेलं नाही. छापील प्रत निदान पार्सलमध्ये बसून, कोपरे चेपून घेत, कधीतरी येऊन पोचते. ज्याला वजन नाही, आकार नाही, ते ई-पुस्तक मात्र सीमेवर अडतं! कागदाच्या जमान्यात या वाटण्या करण्यात काही अर्थ असेल. छापखाना इथे, गोदाम तिथे, ठीक आहे. आता फाइल एकच असते, ती पोचायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागत नाही, आणि तरी नकाशा तोच जुना.

या वाटणीच्या भानगडीत एकाच पुस्तकाची दोन बारशीसुद्धा होतात. स्टुअर्ट टर्टनची पहिली कादंबरी ब्रिटनमध्ये 'द सेव्हन डेथ्स ऑफ एव्हलिन हार्डकॅसल' आणि अमेरिकेत साडेसात डेथ्स! अर्धा मृत्यू समुद्र ओलांडताना झाला म्हणायचा. वेगवेगळ्या याद्या पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकाने आता हेही शोधून काढायचं की ही दोन पुस्तकं आहेत की एकच. गुप्तहेरगिरी पुस्तकाच्या आत असावी हो, बाहेर कशाला?

समजा, पुस्तक तुमच्या प्रदेशात आहे. मग किंमत बघा. नामांकन मिळतं आदल्या वर्षी आलेल्या पुस्तकाला, आणि ते तेव्हा असतं कडक पुठ्ठ्याच्या बांधणीत. पेपरबॅक निघते साधारण वर्षभराने. म्हणजे नामांकनाची चर्चा रंगलेली असते तेव्हा बाजारात फक्त महागडी आवृत्ती, आणि परवडणारी प्रत हातात येईपर्यंत विजेत्याचं भाषण होऊन टाळ्याही विरलेल्या असतात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. थेट पेपरबॅकमध्येच निघणाऱ्या पुस्तकांसाठी एडगरमध्ये वेगळा विभाग आहे, १९७० पासून आहे. माझ्यासारख्या वाचकाची बूज राखणारा तो एकच विभाग, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी. मुख्य बातमीत तो तळाशी कुठेतरी असतो.

"मग वाचनालयातून घ्या ना," असं सांगणारे शहाणे असतातच. घेते ना! वाचनालयाच्या ई-पुस्तकाचा नियम काय, तर एका वेळी एक प्रत एकाच वाचकाला. फाइलला काय पानं फाटतात, की कोणी कोपरे दुमडतं? पण नाही, छापील पुस्तकाची सगळी अडचण त्या फाइलवर मुद्दाम लादायची. बरेच मोठे प्रकाशक तर वाचनालयाला परवानाही ठरावीक मुदतीचा देतात, मुदत संपली की प्रत कपाटातून नाहीशी, पुन्हा पैसे भरा. त्यामुळे वाचनालयं हात आखडता घेतात आणि नामांकन जाहीर झालं रे झालं की प्रतीक्षायादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाते. माझा नंबर लागेल तेव्हा पुढच्या वर्षीची नामांकनं आलेली असतील.

तोवर काय होतं? तोवर लोक शेवट सांगतात! सरळ कोणी सांगत नाही, तेवढी सभ्यता आहे. पण 'निवेदकावर विश्वास ठेवू नका हं' असं डोळा मारून लिहितात. अहो, रहस्यकथेत निवेदकावर विश्वास ठेवू नका म्हटल्यावर उरलं काय? 'शेवटच्या तीस पानांत पायाखालची जमीन सरकते' हे तर मुखपृष्ठावरच छापलेलं असतं, आणि मग पहिल्या पानापासून मी जमिनीकडेच बघत बसते. याहून पुढची जमात म्हणजे 'मला तर निम्म्यातच कळलं होतं, मृताची बहीण एवढी गप्प का?' असं लिहून आपली हुशारी मिरवणारे. तुला कळलं ना? मग गप बस की! गुन्हेगाराचं नाव न घेता गुन्हेगार दाखवून देण्याची ही कला ज्यांनी साधली आहे, त्यांच्यासाठीच खरं तर एखादा पुरस्कार काढायला हवा.

वर्षांचा घोळ वेगळाच. सुजाता मॅसींची 'द विडोज ऑफ मलबार हिल' घ्या, १९२१च्या मुंबईतली वकील परवीन मिस्त्री नायिका असलेली. पुस्तक २०१८चं. त्याला ऐतिहासिक कादंबरीचा ॲगाथा पुरस्कार मिळाला तो '२०१८चा' आणि एडगरच्या सोहळ्यात दिला जाणारा मेरी हिगिन्स क्लार्क पुरस्कार मिळाला तो '२०१९चा'. दोन्ही दिले गेले एकाच वसंत ऋतूत! एक मंडळी प्रकाशनाचं वर्ष लावतात, दुसरी सोहळ्याचं. त्यात अँथनी, मकॅव्हिटी, बॅरी, शेमस, लेफ्टी, ब्रिटिशांचे डॅगर, ऑस्ट्रेलियाचा नेड केली, न्यूझीलंडचा नायो मार्श असे बाकीचे पुरस्कार. कोणाची कुठल्या वर्षाची यादी कुठल्या पुस्तकांची, हे लावता लावता माझी वही संपते.

मालिकांबद्दल थोडक्यात. सर्वोत्कृष्ट कादंबरी म्हणून मालिकेतला सातवा भाग नामांकित करायचा असेल तर खुशाल करा, पण पहिले सहा भाग कुठे मिळतील याची सोय कोण करणार? दुसरा आणि चौथा छपाईबाहेर, तिसरा भलत्याच प्रदेशात. आणि सातव्याच्या पहिल्याच पानावर आधीच्या सहांतलं कोण मेलं ते स्वच्छ लिहिलेलं.

आता ज्याने माझं रक्त सगळ्यात जास्त उसळतं तिकडे येते. अनुवाद. २००५ साली ब्रिटनच्या 'क्राइम रायटर्स असोसिएशन'चा गोल्ड डॅगर, म्हणजे त्यांचा मुख्य पुरस्कार, मिळाला आइसलंडच्या आर्नाल्दुर इंद्रिदासोन यांच्या कादंबरीला, म्हणजे तिच्या इंग्रजी अनुवादाला. लगेच नियम बदलला. मुख्य पुरस्कार फक्त मूळ इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकांना, आणि अनुवादितांसाठी २००६ पासून वेगळा इंटरनॅशनल डॅगर. पहिला मिळाला फ्रेंच लेखिका फ्रेड वर्गास यांना. त्याचं बक्षीस लेखक आणि अनुवादक यांच्यात वाटलं जातं, ही गोष्ट चांगली, तेवढं श्रेय देते. पण बाहेरचा पाहुणा मुख्य पंगतीत जेवून उठला म्हणून पुढच्या वर्षीपासून त्याचं पान ओसरीवर मांडायचं, ही कुठली रीत? वेगळ्या डॅगरमुळे अनुवादांना जास्त प्रसिद्धी मिळते असं म्हणणारे आहेत. असेल. पण मग मुख्य पुरस्काराचं दारही उघडं ठेवायचं होतं, जास्तच प्रसिद्धी मिळाली असती. अमेरिकेत माय शोवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडीच्या 'द लाफिंग पोलिसमन'ला १९७१ साली सर्वोत्कृष्ट कादंबरीचा एडगर मिळाला होता, तेव्हा काही आभाळ कोसळलं नाही.

याची दुसरी बाजू बघा. १९६४ चा गोल्ड डॅगर होता एच. आर. एफ. कीटिंग यांच्या 'द परफेक्ट मर्डर'ला. नायक कोण? मुंबई पोलिसांतले इन्स्पेक्टर गणेश घोटे! आपलेच की. आणि कीटिंग यांनी तोवर मुंबईत पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. नकाशे बघून, वाचून-ऐकून लिहिलं. घोटे मला आवडतात, कीटिंग यांच्या कल्पनाशक्तीला माझा सलामच आहे. पण मुंबई न बघता इंग्रजीत लिहिलेली मुंबई मुख्य स्पर्धेत चालते, आणि आपल्याच शहरात हयात घालवून आपल्या भाषेत लिहिणाऱ्याला मात्र नियमावर बोट ठेवून दुसऱ्या खोलीत पाठवतात. यातला न्याय मला कोणीतरी उलगडून दाखवा.

आणि त्या खोलीपर्यंत पोचायलाही किती वर्षं! नॉर्डिक देशांतल्या रहस्यकथांसाठीचा 'ग्लास की' पुरस्कार १९९२ मध्ये सुरू झाला. पहिला मान स्वीडनच्या हेनिंग मँकेल यांच्या, पोलिस अधिकारी वॉलँडर नायक असलेल्या मालिकेतल्या पहिल्या कादंबरीचा. पुस्तक १९९१चं, पुरस्कार १९९२चा, इंग्रजी अनुवाद १९९७ मध्ये. आज वेग वाढलाय म्हणतात, पण अजूनही दर वर्षी त्या यादीतली नावं मी फक्त वाचते. नावंच. पुस्तकं कधी येतील त्यांची.

बरं, हे सगळं जमण्यासारखंच नाही असंही नाही, म्हणून तर जास्त चिडचिड होते. लघुकथा विभाग बघा. ॲगाथाच्या नामांकित लघुकथा वाचकांना फुकट वाचता याव्यात म्हणून त्यांचे दुवे दिले जातात. एलरी क्वीन आणि आल्फ्रेड हिचकॉक यांच्या नावाची रहस्यकथांची नियतकालिकंही आपल्या नामांकित कथा संकेतस्थळावर खुल्या करतात. एक टिचकी मारली की कथा समोर. राखाडी पट्टी नाही की प्रदेश नाही. कारण काय, तर ॲगाथाला मत देतात 'मॅलिस डोमेस्टिक' संमेलनाला नाव नोंदवलेले लोक, आणि मत द्यायचं तर वाचायला हवं, हे कोणाच्या तरी डोक्यात शिरलंय. म्हणजे मतदार असला की कथा घरपोच. नुसता वाचक असला की नमुना घ्या आणि चालते व्हा! अँथनी पुरस्काराचंही तेच, 'बाउचरकॉन' या रहस्यकथांच्या संमेलनाला नोंदणी केलेल्यांची मतं. तिकडे जाणाऱ्यांनी खुशाल मतं द्यावीत, पण तिकिटं आणि हॉटेल ज्यांच्या आवाक्यात नाहीत ते काय रहस्यकथा वाचत नाहीत?

कादंबरी फुकट द्या असं मी म्हणतच नाहीये. पैसे घ्या! जानेवारीत यादी लागते, एप्रिल-मेपर्यंत निकाल लागतो. तेवढे तीन-चार महिने नामांकित पुस्तकांची ई-आवृत्ती सगळीकडे विकायला ठेवा, एवढंच. हक्कांचे करार लिहितानाच एक कलम घाला की नामांकन झालं तर अमुक काळ प्रदेशाची अट शिथिल. वकिलांना तेवढं लिहिता येतं. वर्षातून एकदा सगळ्या जगातले रहस्यवेडे एकाच पाच-सात नावांकडे डोळे लावून बसतात, एक छदाम खर्च न करता जाहिरात होते, आणि नेमकं तेव्हाच दुकानाला टाळं! हा धंदा चालवतं कोण?

शेवटी पेपरबॅक येतेच म्हणा. मुखपृष्ठावरच्या चेहऱ्याच्या बरोब्बर डोळ्यावर 'एडगर नामांकित' असा गोल शिक्का, स्टिकर समजून नखाने काढायला जावं तर तो छापलेलाच. रात्र जागून पुस्तक संपवावं, खुनी कोण ते (लोकांनी आधीच सांगितलेलं) वाचून घ्यावं, आणि मागे बघावं तर पुढच्या भागाचं पहिलं प्रकरण जोडलेलं. नवं प्रेत, नवं गाव, आणि खाली बारीक अक्षरात: आता कडक बांधणीत उपलब्ध, निवडक प्रदेशांत.