'स्मशानात पाऊल न ठेवणाऱ्या बाईनं…' असं लिहिणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि सकाळी पुन्हा वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर जीभ आवरली नसती, म्हणून थांबले.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खान्देशातल्या गावांनी जमिनीवर सरण रचणं सोडावं, स्मशानात उंच लोखंडी जाळी बसवावी, लाकडाऐवजी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, दाबून केलेल्या कांड्या वापराव्यात, राख तापीत न सोडता आपल्याच शेतात घालून झाड लावावं, आणि ज्याची इच्छा असेल त्यानं देहदानाचा अर्ज भरून ठेवावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की लाकूड आमच्या बांधावरचं असतं, सातपुड्याचं नाव घेऊन आम्हाला घाबरवू नका. तालुक्याची गॅसदाहिनी बंदच असते. अस्थी तापीकाठच्या प्रकाशा तीर्थालाच जाणार. आणि माणसाचं खत करायच्या परदेशी गोष्टी इथं नकोत. ही मतं झाली, मतांना माझी हरकत नाही. पण सुरुवात तुम्ही अशी केलीत: 'ज्या बाईनं कधी स्मशानात पाऊल ठेवलं नाही तिनं सरण कसं रचायचं हे आम्हाला शिकवू नये.'

या वाक्यापाशी मी अडले. तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या घरात कोण गेलं, कोणाला कोणी खांदा दिला, यातलं काहीही तुम्हाला ठाऊक नाही. तरी हे लिहायला तुमचा हात धजावला, याचं मला वाईट वाटलं आणि रागही आला. तो राग मी लपवत नाही.

मी स्मशानात गेले आहे. माझ्या वडिलांना अग्निडाग मी दिला. आम्ही दोघी बहिणी, पाठचा भाऊ नाही. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, आषाढातली झड लागलेली. मडकं चुलतभावाच्या हाती द्यायचं ठरत होतं. मी पुढे झाले तेव्हा भावकीतले एक वडीलधारे आडवे आले. 'बाई, मांगे फिर,' म्हणाले. तेव्हा आई दारातून बोलली, 'तिलाच जाऊ द्या, त्यांनी सांगून ठेवलंय.' त्यावर कोणी काही बोललं नाही. मडकं घेऊन मी तिरडीपुढे चालले.

तिथे जे पाहिलं त्यातूनच तो लेख आला, भाऊ. शेडचे पत्रे वाऱ्यानं उडालेले होते. बाभूळ नुकतीच तोडलेली, ओली. घरोघरचं एकेक लाकूड आलं होतं, तेही भिजलेलं. सरण पेट घेईना, नुसतं धुमसत राहिलं. कोणी डिझेलचा कॅन आणला, मग कोणीतरी जुने टायर आणून खाली सारले. ज्या माणसानं जन्मभर माळ घालून वारी केली त्याच्या देहाखाली टायर जळत होते, आणि मी, त्यांची मुलगी, तो काळा धूर बघत उभी होते. अंधार पडल्यावर लोक पांगले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाकडं न्यावी लागली. सावडायला गेल्यावर काय दिसलं ते मी लिहिणार नाही. पावसाळ्यात स्मशानात गेलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

त्यानंतर मी यावर वाचायला लागले. उघडं सरण जमिनीला टेकलेलं असतं, त्यामुळे खालून हवा मिळत नाही आणि चारी बाजूंनी उष्णता निघून जाते. ओल्या लाकडाची बरीच ताकद स्वतःतलं पाणी उडवण्यातच जाते. माणसाच्या देहातही निम्म्याहून जास्त पाणीच असतं. म्हणून एका देहाला ४०० ते ६०० किलो लाकूड लागतं आणि तरी कुठे ना कुठे कच्चं राहतं. सरण उंच जाळीवर रचलं, बाजूला आडोसा आणि वर धुराडं दिलं, की आग खालून हवा ओढते. दिल्लीतली मोक्षदा ही संस्था १९९२ पासून हेच करते आहे. त्यांच्या पद्धतीत १५० ते २०० किलोत काम होतं. मंत्र तेच, प्रदक्षिणा तीच, अग्नीही मुलाच्या किंवा मुलीच्या हातचाच. यात धर्म कुठे बुडाला ते मला कोणी दाखवून द्यावं.

आणि पऱ्हाटी. तुम्ही तिला 'काडीकचरा' म्हणालात. शेतकऱ्याच्या घरातून हा शब्द यावा याचं मला नवल वाटलं. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेलं कपाशीचं पीक, ठेवू नका, गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात उतरते, म्हणून कृषी खातं दरवर्षी पऱ्हाटी उपटायला सांगतं. आपण ती उपटून बांधावरच पेटवतो. तीच बारीक करून दाबली की घट्ट, कोरड्या कांड्या होतात. कारखान्यांच्या बॉयलरला त्या चालतात, व्यापारी त्याला पांढरा कोळसा म्हणतात. नागपुरात शेतातल्या अशाच अवशेषांच्या कांड्या मोक्षकाष्ठ म्हणून दहनाला वापरतात. पोत्यात भरून शेडमध्ये ठेवल्या तर आषाढातही त्या कोरड्या राहतील. माझ्या वडिलांना ते मिळालं असतं तर टायर लागले नसते. ज्या कपाशीवर त्यांनी आम्हाला शिकवलं तिच्याच काड्यांवर ते गेले असते, तर त्यात त्यांचा कसला अपमान होता?

बाईचं म्हणत असाल तर तेही बोलते. १८९० साली पुण्यात जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे तिरडीपुढचं मडकं, सावित्रीबाईंनी धरलं. जोतीरावांची इच्छा दहनाची नव्हती, मिठात पुरण्याची होती. नगरपालिकेनं परवानगी दिली नाही म्हणून दहन करावं लागलं. २०१४ मध्ये परळीला गोपीनाथ मुंड्यांना अग्नी पंकजाताईंनी दिला, अख्ख्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. तुमच्या घरीही तेव्हा टीव्ही चालू असेल. बाईनं स्मशानात यायचं नाही आणि मग स्मशान पाहिलं नाही म्हणून बोलायचंही नाही, ही कोंडी तुमच्यासारख्यांनीच घातलेली आहे. मी ती मानत नाही.

एक गोष्ट तुमची मान्य करते. गावात घरपरत एक लाकूड देण्याची रीत आहे, तिच्यामागे माया आहे, आणि माझ्या लेखात तिचा उल्लेख यायला हवा होता. 'सातपुडा जाळणारं सरण' हे शीर्षकही जरा तिखट होतं. पण शीर्षक तिखट असल्यानं ओली बाभूळ कोरडी होत नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. गॅसदाहिनी बंद असते, तर ती चालू करायला सांगा; माझ्यावर का रागावता? देहाचं खत करायला परवानगी देणारा कायदा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं २०१९ मध्ये केला, आणि दक्षिण आफ्रिकेचे धर्मगुरू डेझमंड टुटू यांचा देह, ते २०२१ च्या डिसेंबरात गेल्यावर, पाण्याच्या पद्धतीनं विरघळवला. जगात काय चाललंय एवढंच मी सांगितलं होतं, चोपडा तालुक्यात उद्या सुरू करा असं म्हटलं नव्हतं. आणि 'आपल्यात जाळतातच' हे तर तुम्ही सरळ चूक लिहिलंत. आपल्याच शेजारी महानुभाव आहेत, लिंगायत आहेत, ते भूमिडाग देतात. तान्ह्या लेकराला आपण सगळेच पुरतो.

प्रकाशाबद्दल मला तुमच्याइतकीच श्रद्धा आहे. तापी-गोमाईच्या संगमावर आजोबांच्या अस्थी घेऊन आम्हीही गेलो होतो. वडिलांच्या मात्र शेतात ठेवल्या, कारण त्यांनीच तसं सांगितलं होतं. ज्यांना तसं करायचं असेल त्यांनी राख रोपाच्या मुळाशी ढीग करून ओतू नये, ती खारट असते, रोप जळतं. भरपूर मातीत कालवून, खड्डा मोठा घेऊन घालावी.

देहदानाबद्दल तुम्ही 'कागदावरच्या गोष्टी' म्हणालात. १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली महाराष्ट्रात ते होतं, आणि आता धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अर्ज जिवंतपणी भरायचा, पण वेळ आल्यावर घरच्यांनी होकार दिला तरच तो देह जातो, आणि शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत. माझा अर्ज भरलेला आहे. नवऱ्याला आणि बहिणीला तो कुठे ठेवलाय ते माहीत आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुमच्या गावच्या स्मशानात शेड आहे का, जाळी आहे का, पावसाळ्यात लाकूड कुठून येतं, हे लिहिलंत तर मी ते मनापासून वाचेन. पण ते पहिलं वाक्य मागे घेतल्याशिवाय मी तुम्हाला पुन्हा उत्तर देणार नाही.